चैत्र पौर्णिमेचा रायगड

रायगडावर गर्दी ओसंडते ती जूनमध्ये, राज्याभिषेकदिनी. तोही दोनदा: एकदा ६ जूनला तारखेने, एकदा ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीला तिथीने. पण गड नीट पाहत पाहत सोहळ्यालाही हजर राहायचं असेल, तर चैत्र पौर्णिमा गाठावी, म्हणजे शिवपुण्यतिथी. हाच हनुमान जयंतीचा दिवस. तारीख दरवर्षी सरकते. २०२४ मध्ये ती २३ एप्रिलला होती, २०२५ मध्ये १२ एप्रिलला. अनेकजण ३ एप्रिल धरून बेत आखतात आणि रिकाम्या गडावर पोचतात. शिवाय ३ एप्रिल १६८० ही तारीख जुन्या ज्युलियन पंचांगाची. आजच्या कॅलेंडरप्रमाणे तो दिवस १३ एप्रिलला येतो. तेव्हा कॅलेंडर बाजूला ठेवून पंचांग बघावं.

आमचा मुक्काम आदल्या रात्री गडाच्या पायथ्याशी, पाचाडला होता, आणि तसाच असावा. महाडहून सकाळी निघणारा माणूस गाडी लावेपर्यंत ऊन पाठीवर घेतो. पाचाडला जिजाऊंची समाधी आणि वाड्याचे अवशेष आहेत. राज्याभिषेकानंतर अवघ्या अकरा दिवसांनी त्या गेल्या. वाड्यातली तक्क्याची विहीर आदल्या संध्याकाळीच पाहून घ्यावी, कारण उतरून आल्यावर पाय तिकडे वळत नाहीत.

पाळणा की पायऱ्या? या दिवशी पायऱ्या. हिरकणीवाडीच्या रोपवेला रांग लागते, आणि रांगेत गेलेले दोन तास म्हणजे सकाळचे सगळ्यात चांगले दोन तास. गुडघे दुखणाऱ्यांनी पाळण्याने जावं, पण मग पहिल्याच फेऱ्यांत. चित दरवाजाकडून सुमारे दीड हजार पायऱ्या आहेत. बऱ्या चालीने दीड ते दोन तास. उजाडताच चढायला लागलं की बराचसा चढ डोंगराच्या सावलीत होतो, कारण महादरवाज्याचं तोंड पश्चिमेला. दुपारी हाच हिशेब उलटतो आणि उतरताना दगड तव्यासारखा तापलेला असतो. माणशी तीन लिटर पाणी खालूनच घ्यावं. सगळं वर जाऊन पिऊ म्हणून राखून ठेवू नये. चक्कर येते ती याच चुकीने, आणि बहुधा उतरताना.

महादरवाज्यात थांबावं. दोन बुरुज, एक पंचाहत्तर फुटांच्या आसपास, दुसरा पासष्ट, आणि त्यांच्या मधल्या वळणात दरवाजा असा दडवलेला की अगदी समोर येईपर्यंत दिसत नाही. हत्तीला धावत येऊन धडक द्यायला जागाच नाही. आतल्या देवड्यांत, म्हणजे पहारेकऱ्यांच्या खोल्यांत, सावली आहे. पुढे होळीच्या माळापर्यंत सावलीची आशा सोडावी.

वर पोचल्यावर बहुतेक पावलं सदरेकडे, म्हणजे राजसभेकडे वळतात. आम्ही उलट केलं: बाजारपेठ ओलांडून थेट जगदीश्वराचं देऊळ. बाजारपेठेचे चौथरे उंच, ते घोड्यावर बसून खरेदी करता यावी म्हणून, असं प्रत्येक गाइड सांगतो. ऐकावं आणि पुढे चालावं. जगदीश्वराच्या पायरीवरची ओळ, ‘सेवेचे ठायी तत्पर हिरोजी’, सगळ्यांना माहीत असते. हिरोजी म्हणजे गडाचं बांधकाम करणारा. त्याचं आडनाव कोणी इटळकर वाचतात, कोणी इंदुलकर. पण दरवाज्याच्या उजव्या अंगाला भिंतीत जो संस्कृत शिलालेख आहे, तिथे फार थोडे थांबतात. त्यात शक ‘षण्णवबाणभूमि’ असा शब्दांत दिला आहे: सहा, नऊ, पाच, एक. अंक उजवीकडून डावीकडे मांडायचे, म्हणजे शके १५९६. त्यात ७८ मिळवा, १६७४ येतात, राज्याभिषेकाचं वर्ष. अक्षरं तिरप्या उजेडात उठून दिसतात, डोक्यावरच्या उन्हात सपाट होतात. त्यांच्यावर खडू किंवा पाणी फिरवण्याचा मोह कोणी करू नये. एकामागून एक हात फिरले की दगड झिजतो.

पूर्वेकडच्या दाराने बाहेर पडलं की शिवरायांच्या समाधीचा अष्टकोनी चौथरा. १८१८ मध्ये पोटल्याच्या डोंगरावरून इंग्रजांनी तोफा डागल्या, वाडे जळाले आणि १० मे रोजी गड पडला. नंतर ही जागा रानात हरवल्यासारखी झाली. १८९५ मध्ये लोकमान्य टिळकांनी जीर्णोद्धाराची चळवळ उभी केली आणि १८९६ मध्ये गडावर उत्सव झाला. आजचा कार्यक्रम त्याच धाग्यातला. पहाटे जगदीश्वराची पूजा आणि हनुमानजन्माचं कीर्तन, मग समाधीचं पूजन, सदरेवर अभिवादन, आणि पालखी. उभं राहायला समाधीजवळची जागा धरू नये; तिथे फक्त पाठी दिसतात. बाजारपेठेच्या चौथऱ्याखाली कडेला उभं राहिलं तर पालखी पुढून येते आणि छबिना पूर्ण दिसतो. चौथऱ्यावर मात्र चढू नये, सांधे सुटलेले आहेत.

सदर शेवटी ठेवली तर एक चुकतं. २२० फूट लांब, १२४ फूट रुंद असलेल्या या सदरेत नगारखान्याकडे पुटपुटलेलं सिंहासनापाशी ऐकू येतं. पण ध्वनिक्षेपक सुरू झाले की ती गंमत संपली. म्हणून जगदीश्वराकडे जाण्याआधी दहा मिनिटं तिथे काढावीत, एकाने नगारखान्यात थांबावं, दुसऱ्याने सिंहासनाच्या चौथऱ्याशी.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ म्हणून जे बारा किल्ले यादीत घेतले, त्यांत रायगड आहे. त्यामुळे गर्दी वाढेल हे धरूनच निघावं. टकमक टोक याच दिवशी बघायचा हट्ट नको. कड्यावर वारा असतो आणि मागून रेटा. मंत्रीसंत्री येणार असले तर पाळणा आणि सदर काही काळ अडवतात. पाळण्याने उतरायचं ठरवलेल्यांची तेव्हा पंचाईत होते, म्हणून चालायचे बूट सगळ्यांच्याच पायात हवेत. उतरायला अकराच्या आत लागावं, नाहीतर सरळ चारपर्यंत वरच सावली धरून बसावं.