यात्रेच्या आधी फुग्याची बंदूक

दत्तजयंतीला भरणाऱ्या सारंगखेड्याच्या यात्रेत फुगे फोडण्याचे दुकान लावणाऱ्या एका स्नेह्यांची जुनी, स्प्रिंगवर चालणारी एअर गन आज दुरुस्तीसाठी माझ्याकडे होती. छर्रा फुग्यापर्यंत पोहोचतो, पण फुगा फुटत नाही, ही त्यांची तक्रार. आणि अशा वेळी सगळेच करतात तसा त्यांनीही दोष स्प्रिंगला दिला होता.

वास्तविक नळी वाकवून स्प्रिंग दाबली आणि घोडा ओढला, की सुटलेला दट्ट्या सिलिंडरमधली हवा दाबतो व ती हवा छर्रा ढकलते. म्हणजे दट्ट्यावरचा चामड्याचा वायसर हवा धरत नसेल, तर स्प्रिंग कितीही ताठ असून उपयोग नाही. बंदूक भरलेली नसतानाही स्प्रिंगवर ताण असतोच, म्हणून ती क्लॅम्पमध्ये धरूनच मागची पिन काढली. वायसर सायकलच्या जुन्या पंपातल्यासारखा वाळून कडक झालेला, कड चिरलेली, आणि भोवती धूळ व ग्रीस यांचा काळा थर.

नळीतून शिलाई मशीनचे तेल ओतण्याची सवय मात्र मला मुळीच पसंत नाही. दाबाने तापलेल्या हवेत ते पेटते, मोठा आवाज होतो, धूर येतो, लोकांना वाटते जोर वाढला. प्रत्यक्षात वायसर आणि स्प्रिंग दोन्ही खराब होतात.

नवा वायसर तेलात मुरवून बसवला आणि पत्र्याच्या डब्याला लगेच भोक पडले. नेम धरायची पुढची खूण डावीकडे झुकली आहे, हेही मी त्यांना दाखवले, तेव्हा ते हसून म्हणाले, “ते राहू द्या, भाऊ.”