सांखलाबुरीत आहे तरी काय?

थायलंडला जाऊन पट्टाया-फुकेत सोडून हा म्यानमारच्या सीमेवरच्या सांखलाबुरीत काय करतो, आणि तिथे तहसीलदार वगैरे असतो का, असं बरेच जण विचारतात. तुम्हीही विचारलंत म्हणून सांगतो.

कांचनाबुरी प्रांताच्या टोकाचा हा तालुका, म्हणजे अम्फो. 323 क्रमांकाचा रस्ता तीन पॅगोड्यांच्या खिंडीशी, थेट सीमेवर संपतो. जुनं गाव तीन नद्यांच्या संगमावर होतं. 1984 मध्ये खाओ लेम धरण भरलं आणि गाव देवळासकट बुडालं. दुसऱ्या महायुद्धात जपान्यांनी युद्धकैदी आणि मलायातले तमिळ मजूर राबवून घातलेल्या रेल्वेचा मार्गही पाण्याखाली गेला. उन्हाळ्यात उजनीत पळसदेवचं देऊळ वर येतं ना, तसंच इथलंही.

नवं गाव दोन काठांवर वसलं. एकीकडे कचेरी नि बाजार, पलीकडे म्यानमारमधून आलेल्या मोन लोकांची वस्ती. त्यांचे भिक्खू लुआंग फो उत्तमा यांनी पुढाकार घेऊन मधे लाकडी पूल उभा केला. 2013 च्या पावसाळ्यात पुरात वाहून आलेल्या ओंडक्या-कचऱ्याने तो मधोमध मोडला, तेव्हा दुरुस्तीची वाट न बघता गावकऱ्यांनी बांबूचा तरंगता पूल बांधून ये-जा सुरू केली.

कारभाराचं म्हणाल तर तालुक्याचा प्रमुख नाय अम्फो. त्याला बँकॉकचं गृहखातं पाठवतं. खाली तीन तांबोन, म्हणजे गावांचे गट: नोंग लू, प्रांग्फ्ले आणि जंगलातलं लाय वो. तांबोनचा मुखिया कामनान, गावचा फू याय बान. फू याय बान गावकरी निवडतात, पण एकदा बसला की साठीपर्यंत खुर्ची त्याचीच. मला हे काही पटत नाही. शिवाय 1994 च्या कायद्याने आलेल्या, निवडून दिलेल्या तांबोन संस्था वेगळ्याच.

पण इथल्या कित्येक मोन आणि करेन कुटुंबांना कचेरीत खरं काम असतं ते ओळखपत्राचं. जन्म इथला, तरी नागरिकत्व नाही. बाहेर जायचं तर परवानगीचा कागद हवा. नाक्यावर व्हॅन थांबते, जवान दार सरकवून आत डोकावतो. माझ्या पासपोर्टवर ओझरती नजर. शेजारच्या, गालांना थनाका म्हणजे झाडाच्या सालीचा लेप लावलेल्या बाईचं कार्ड मात्र उलटसुलट करून बघतो, काहीतरी विचारतो, मग परत देतो.

जाणार असाल तर मार्च-एप्रिलात जा. पाणी उतरलं की बुडालेल्या देवळात पायी हिंडता येतं. पावसाळ्यात नाव करावी लागते.