एक मोळ वाफा

आमच्या बेळगावात गजरा मोळावर मिळतो. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत धरला की एक मोळ, चार मोळांचा एक मार. शब्द कानडी, पण बाजारात मराठी बायकाही मोळच म्हणतात. आपल्याकडे हात आणि वाव ही मापं होतीच की, पण हात कापडाच्या दुकानातून गेला आणि वाव विहिरीच्या पाण्यापुरता उरला. मोळ मात्र टिकलाय, कारण तो मोजायला फूलवालीला काही विकत घ्यावं लागत नाही. अडचण एवढीच की फूलवाली बुटकी असली की गजराही बुटका. शिवाय कोपरापासून निघालेला मोळ बऱ्याचदा बोटांच्या मुळाशीच थांबतो. आई म्हणूनच बाजारात आधी फुलं बघायची नाही, बाई बघायची. उंच असली तर थांबायची.

ही मोळाची गोष्ट मला वाफे घालताना आठवायला हवी होती. आठवली तिसऱ्या वर्षी.

येळ्ळूर रस्त्याकडं आमचं घर आहे. तीस-चाळीसचा प्लॉट, म्हणजे 1200 चौरस फूट. गुंठा 1089 चौरस फुटांचा, तेव्हा आपण गुंठ्याच्या वर जमीनदार आहोत असं मला वाटायचं. घर, जिना, पाण्याची टाकी आणि स्कूटर यांनी आपापला वाटा घेतल्यावर पुढं 22 फूट लांब आणि 10 फूट रुंद अशी तांबडी माती शिल्लक राहिली. एवढ्यात बाग बसवायची.

पहिल्या वर्षी मी मधोमध एक गोल वाफा आखला. पाण्याची नळी जमिनीवर वेटोळी टाकायची, मागं जाऊन बघायचं, पुन्हा सरकवायची, आणि मनासारखा गोल झाला की त्यावरून फक्की ओतायची. मोजला तर आरपार 7 फूट भरला. तोही मला लहानच वाटत होता. उघड्या आभाळाखाली मोजमाप फार फसवतं. घरात 4 फूट म्हणजे पलंग होतो. अंगणात 4 फूट म्हणजे कुणीतरी टाकून दिलेलं पोतं. बायकोनं एक सोलापुरी चादर आणून मातीवर पसरली आणि म्हणाली, "ह्याच्यापेक्षा मोठी गादी घालणार असाल तर झोपायला कोण येणार?" मी हसलो. उंच केलेल्या वाफ्याला गादीवाफा म्हणतात, पण तो शब्द तिनं इतका मनावर घेतला असेल असं वाटलं नव्हतं.

खणायला आलेला माणूस बैलहोंगलकडचा होता. तो फक्कीच्या रेघेबाहेर उकिडवा बसला, हात लांब करून बघितला आणि म्हणाला, "कै मुट्टबेक्री." हात पोचायला पाहिजे हो. ह्याला खणायचा कंटाळा, असं मी ठरवून टाकलं.

जूनमध्ये झेंडू लावला, मधोमध डेलिया. मग पाऊस लागला. आमचा पाऊस घाटापलीकडून कोकणाचं बोट धरून येतो, लवकर उठत नाही. तण माजलं. कडेनं बसून हात घातला तर जेमतेम पावणेदोन फूट आत जायचा. दोन्ही बाजूंचे पावणेदोन सोडले तर मध्ये साडेतीन फुटांचं एक बेट उरत होतं, आणि तिथं गवतानं संसार थाटला. शेवटी आत पाय ठेवावाच लागला. तांबडी माती ओली असताना लोण्यासारखी असते, वाळली की चिऱ्याच्या दगडासारखी. श्रावणात उमटलेला माझा चपलेचा ठसा दिवाळीपर्यंत तसाच होता, आणि त्या ठशाच्या आजूबाजूची रोपं खुरटून बसली होती. दाबलेल्या मातीत ना मुळं सरकत, ना पाणी जिरत.

दसऱ्याला आई परडी घेऊन उभी राहिली. "मधल्या फुलांना मी काय उडत जाऊ रे?" मी फळी टाकून दिली. सत्त्याहत्तर वर्षांची बाई त्या फळीवर चढायला निघालेली बघून शेजारच्या वैनी ओरडतच आल्या.

दुसऱ्या वर्षी माणूस जसा वागतो तसाच मी वागलो, म्हणजे दुसऱ्या टोकाला गेलो. गोल मोडला आणि कंपाउंडच्या भिंतीला लागून फूटभर रुंदीची पट्टी केली. त्याबद्दल फार बोलण्यासारखं नाही. खाली गवंड्यानं टाकलेली खडी निघाली, वर भिंतीची धग, आणि शेवंती उजेडासाठी अशी पुढं वाकली की सगळी रांग गेटकडं डोकावत्येय असं वाटायचं. "ही काय बाग म्हणायची काय?" आई म्हणाली. "कपाळावर ओढलेली रेघ आहे की."

तिसऱ्या वर्षी मी टेप घेऊन आईच्या समोर बसलो. ती पाटावर, परडी मांडीशी. म्हटलं, हात लांब कर. पुस्तकं सांगतात, दोन्ही बाजूंनी जाता येत असेल तर वाफा 4 फूट रुंद, एकाच बाजूनं असेल तर 2 फूट. पण पुस्तकांतली माणसं आमच्या आईपेक्षा उंच असावीत. ती 4 फूट 10 इंच. तिचा हातही पावणेदोनच फूट पोचला. म्हणून वाफा साडेतीन फुटांचा झाला. लांबी 9 फूट. आणखी वाढवावीशी वाटत होती, पण लांब वाफ्याला लोक वळसा घालत नाहीत, ओलांडतात. दूध टाकणारा पोरगा तर नक्कीच. असे दोन वाफे आणि मध्ये 2 फुटांची वाट, कारण कमरेवर कळशी असली की दीड फुटातून माणूस तिरका चालतो.

उंची वीतभर ठेवली, पाणी साचू नये म्हणून. कडेला चिरे लावायचे फार मनात होतं, दिसतातही छान. पण एकेक चिरा वीतभर जाडीचा. दोन्ही कडांनी मिळून दीड फूट त्यांनीच गिळला असता. मग शहाबादी फरशीचे तुकडे उभे रोवले.

रोपं आणतानाही मोजूनच गेलो. मोठ्या झेंडूला रोपारोपात सव्वा फूट हवं, म्हणजे तीन ओळी, ओळीत सात, एकूण एकवीस. नर्सरीवाला म्हणाला, पन्नास न्या, भरगच्च दिसेल. भरगच्च दिसतं, महिनाभर. मग रोपं एकमेकांच्या अंगावर पडतात आणि खालची पानं कुजतात. तरी मी तीस आणलीच. मोह म्हणून काही असतो. वरची नऊ गल्लीत वाटली.

दुसऱ्या वाफ्यात शेवंती आणि कडेनं अबोली आहे. आई वाटेत पाट टाकते, एका बाजूची फुलं काढते, पाट उचलून पलीकडं जाते. आत पाय ठेवत नाही, कुणाला ठेवूही देत नाही. मी एकदा पेपरवाल्यानं फेकलेला पेपर उचलायला आत गेलो तर, "अरे, गादीवर चप्पल घालून चढतोस काय?"

गेल्या नवरात्रात अबोली एवढी निघाली की आईनं ओसरीवर बसून मोठा गजरा केला आणि वैनींना हाक मारली. कोपरापासून धरून एक मोळ मोजला, दोरा तोडला आणि त्यांच्या हातात दिला. वैनींनी तो आपल्या हातावर धरून बघितला.

"काकू, चार बोटं कमी आहे की हो."

"माझा मोळ एवढाच," आई म्हणाली. "परवडत नसेल तर बाजारात जा, उंच बाई बघून घे."