पुनवेचं पाणी

प्रदर्शनांसाठी प्रोजेक्टर लावणं हा माझा धंदा. चित्रकाराला फ्रेमवाला लागतो तसा व्हिडिओ आर्टवाल्याला मी लागतो. भिंत किती लांब, लेन्स कोणती, किती ल्युमेन्सचा, म्हणजे किती उजेडाचा, प्रोजेक्टर पुरेल, खिडकीवर काळं कापड कुठून कुठपर्यंत, एसीचं पाणी यंत्रावर गळणार नाही ना, हे सगळं मी बघायचं. फोर्ट-कुलाब्याच्या गॅलऱ्या, डिसेंबरात पणजीचा सेरेंडिपिटी महोत्सव, कधी कोचीचं बिएनाले, अशी कामं असतात. हल्ली यातलं बरंचसं काम पर्यावरणावर असतं. कोळसा, नदी, कचरा, समुद्र. अंधाऱ्या खोलीत मोठ्या भिंतीवर पाणी हललं की माणूस थांबतोच, मग विषय काहीही असो. हे मी कौतुकाने म्हणतोय असं नाही, पण खोटंही नाही.

जुलै 2022 मधली गोष्ट. दक्षिण मुंबईतल्या एका गॅलरीत वरळीच्या किनाऱ्यावरचं काम लावलं होतं. तीन भिंती, तीन प्रोजेक्टर, तिन्ही प्लेयर एकमेकांशी सिंक केलेले. खडकाळ किनारा, त्यावर हळूहळू चढत जाणारं पाणी. शेवटी खडक पूर्ण बुडतात, नुसता करडा समुद्र उरतो आणि लूप पुन्हा सुरू. माणूस एकही नाही. लेबलवर समुद्राच्या वाढत्या पातळीबद्दल चार ओळी. कलाकार मुंबईतच वाढलेला, मराठी चांगलं कळतं, पण बोलायला लागला की हिंदीवर जातो. मेहनती माणूस. मला पैसे वेळेवर देणाऱ्या मोजक्यांपैकी एक.

त्याची फार इच्छा होती की वरळी कोळीवाड्यातल्या लोकांनी हे बघावं. आणि महिना बरोबर होता. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, होड्या वर ओढलेल्या, दुरुस्तीची कामं चाललेली. एरवी या लोकांना दुपारी गॅलरीत यायला सवड कुठली? सोमवारी गॅलरी बंद असते, त्या दिवशी त्यांना बोलावलं. आठ-दहा जण आले. बायका गजरे माळून, लग्नाला निघाल्यासारख्या. त्यांच्यात एक म्हातारे होते, सगळे त्यांना नाखवा म्हणत होते, म्हणून मीही नाखवाच म्हणायला लागलो.

मी मागे प्लेयरच्या रॅकपाशी उभा होतो. पहिला लूप सगळ्यांनी गप्प बसून बघितला. दुसरा अर्ध्यावर आला तेव्हा नाखवा उठले आणि डावीकडच्या भिंतीपाशी गेले. त्यांची सावली खडकांवर पडली.

"यो पानी भरतीचा नाय," ते म्हणाले. "ओहोटीचा हाय."

कलाकार हसला. म्हणाला, काका, पाणी तर चढतंय ना.

नाखवांनी भिंतीवर बोट टेकवलं. पाण्याच्या रेषेच्या वर हातभर काळा ओला पट्टा होता. त्याच्या वर खडक सुका, पांढुरका. भरती येते तेव्हा पाणी सुक्या खडकावर चढतं, लाटेच्या पोचेपलीकडे खडक कोरडाच असतो. ओहोटीला पाणी खाली जातं आणि मागे ओला पट्टा ठेवून जातं. इथे पाणी चढतंय आणि वरचा खडक आधीच भिजलेला. म्हणजे ते तिथून उतरलेलं आहे. एवढं सांगून त्यांनी मागे वळून सगळ्यांकडे पाहिलं. बायका माना डोलावत होत्या. त्यांना हे मघाशीच दिसलं होतं, बोललं कोणी नव्हतं.

मला ते माहीत होतं. फाइलच्या नावातच 'रिव्हर्स' होतं. शूट ओहोटीचं, दाखवायचा चढता समुद्र, म्हणून एडिटमध्ये उलटं चालवलेलं. यात माझ्या धंद्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. व्हिडिओ आर्टमध्ये काळ उलटा करणं, सावकाश करणं, तोच क्षण शंभरदा दाखवणं हा नेहमीचा खेळ आहे, आणि मला तो आवडतोही. पण तिसऱ्या खोलीतल्या कुणी तरी पेंटिंग उलटं टांगलंय असं सांगावं आणि ते खरं निघावं, तसा कलाकाराचा चेहरा झाला होता.

त्याने बाजू मांडली. हे रूपक आहे, मी बातमी दाखवत नाही, पुढच्या पन्नास वर्षांची भीती दाखवतोय वगैरे. नाखवा शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "मग तसं लिवा ना. उलटा चालवलाय म्हनून लिवा." त्यांच्या शेजारच्या मावशींना वेगळाच राग होता. पाणी चढेल तेव्हा चढेल, म्हणाल्या, आमच्या खडकावर आत्ता भराव पडलाय त्याचं काय? तो यात कुठे आहे?

तो नव्हताच. शूटिंग झालं तेव्हा भराव पडलेलाच नव्हता. हा भराव सागरी किनारा मार्गाचा, म्हणजे कोस्टल रोडचा, आणि त्याचं काम सुरू झालं 2018 च्या अखेरीस. जुलै 2019 मध्ये उच्च न्यायालयाने त्याची किनारा नियमनाखालची परवानगी रद्द केली, त्याच डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली आणि भराव पुन्हा सुरू झाला. आम्ही त्या खोलीत बोलत होतो तेव्हा कोळीवाड्याचं भांडण चाललं होतं ते त्यांच्या होड्या लागतात त्या क्लीव्हलंड बंदरासमोरच्या, याच मार्गाच्या पुलाच्या खांबांवरून. दोन खांबांत 60 मीटर अंतर ठेवायचं ठरलेलं, कोळ्यांची मागणी 200 मीटरची. पावसाळी वाऱ्यात होडी त्या फटीतून काढून बघा म्हणजे कळेल, असं त्यांचं म्हणणं.

"सुलटा दाखवता येईल काय?" नाखवांनी मला विचारलं. कलाकाराला नव्हे, मला.

मी कलाकाराकडे बघितलं, त्याने मान हलवली. तिसऱ्या भिंतीची फाइल आदल्या आठवड्यात पुन्हा रेंडर करायला लागली होती, त्यामुळे कच्च्या चित्रीकरणाची हार्ड डिस्क माझ्याचकडे होती. मधल्या प्रोजेक्टरला लॅपटॉप जोडला आणि मूळ क्लिप लावली. न कापलेली, रंग न बदललेला.

आणि खोलीचा आवाजच बदलला. इतका वेळ प्रदर्शन बघणारी माणसं आता आपलं घर बघत होती. हा अमक्याचा खडक, इथे पाय घसरतो, इथे जिताडा लपतो, इथून पुढे आम्ही पोरं असताना पोहायला. "थांबव, थांबव." मी पॉज करायचो. "थोडा मागं." मी मागे घ्यायचो. असं तासभर चाललं. कॅमेरा क्लीव्हलंड बंदराच्या बाजूने दक्षिणेकडे, वरळी सी फेसकडे रोखलेला होता. मूळ फ्रेम भिंतीवरच्या कामापेक्षा बरीच मोठी. कामात कलाकाराने खालचा भाग कापून टाकला होता, कारण तिथे माणसं होती.

डाव्या कोपऱ्यात, उघड्या पडत चाललेल्या खडकांवर तीन बायका वाकून कालवं काढत होत्या. एकेकीची उंची पडद्यावर बोटभर. मी दोनशे टक्के मोठं केलं. चेहरे नाहीच दिसले, नुसते ठिपके. पण मावशी ताडकन म्हणाल्या, "ती आमची म्हातारी! डावा पाय बघ कशी टाकते." लगेच घरी फोन लावला. म्हातारी गुडघ्यांमुळे आता घराबाहेर पडत नाही. व्हिडिओ कॉलवर तिने पडदा बघितला आणि पहिला प्रश्न विचारला तो असा, की हे कोणी काढलंय आणि मला विचारलं होतं का?

कलाकार हे ऐकत होता. तो काही बोलला नाही.

मग कामाची गोष्ट निघाली. भरपाईसाठी त्या किनाऱ्यावर कोण कोण जगत होतं याची मोजदाद चालली होती. होडीवाल्याकडे परवाना असतो, नोंदणी असते. खडकांवरून कालवं-शिंपल्या काढणाऱ्या बाईकडे काय असतं? ओहोटीची वेळ आणि हातातलं लोखंड. भराव पडायच्या आधी ती इथे उभी होती हे दाखवायचं कशावरून? नाखवांबरोबर आलेला एक तरुण मच्छीमार सोसायटीची कागदपत्रं बघायचा. त्याने सरळ विचारलं, ही मूळ क्लिप आम्हाला मिळेल का, तारखेसकट?

गॅलरीच्या बाईंनी लगेच सांगितलं की काम पाच प्रतींच्या एडिशनमध्ये विकलं जातं. आमच्या जगात हे असंच असतं. व्हिडिओची फाइल कितीही वेळा कॉपी होते, म्हणून प्रती आपण होऊन मर्यादित ठेवायच्या, प्रत्येकीबरोबर सहीचं प्रमाणपत्र द्यायचं, मग किंमत टिकते. त्यांचा मुद्दा धंद्याच्या दृष्टीने बरोबर होता. पण एडिशन तयार कामाची असते, कच्च्या चित्रीकरणाची नाही. मुंबईत 2008 पासून 'पॅड डॉट एमए' नावाचा ऑनलाइन संग्रह आहे, तिथे माहितीपटवाल्यांनी आणि कलाकारांनी आपलं न वापरलेलं चित्रीकरण मुद्दाम लोकांसाठी ठेवलंय, क्लिपमध्ये काय दिसतंय त्याच्या नोंदींसकट. मी ते नाव घेतलं. तंत्रज्ञाने मध्ये बोलायचं नसतं हा संकेत मला माहीत आहे, पण त्या दिवशी सगळेच बोलत होते. कलाकार म्हणाला, देऊ. आत्ताच कॉपी कर.

मी फाइलची माहिती उघडली. 31 जानेवारी 2018, सकाळी नऊ वाजता सुरू, अकराला शेवटची क्लिप.

नाखवांनी ते मला मोठ्याने पुन्हा वाचायला लावलं. मग तरुणाला मोबाइलवर तिथी बघायला सांगितली. माघी पौर्णिमा. नाखवा म्हणाले, मग वेळ चुकीची आहे.

हिशेब त्यांनी बोटांवर केला. तिथीची पाऊणपट करायची, ती भरतीची वेळ. पुनवेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे सव्वाअकरा-बाराच्या सुमाराला पाणी भरतं आणि सकाळी नऊ ते अकरा ते चढतच असतं. या क्लिपमध्ये ते उतरतंय. तेव्हा एक तर तारीख खोटी, नाही तर वेळ. "आनि ऊन बघ," ते म्हणाले, "दर्याकडनं येतंय." दक्षिणेकडे तोंड केलेल्या कॅमेऱ्यात समुद्र उजवीकडे, आणि खडकांच्या उजव्या बाजू उजळलेल्या. सकाळी सूर्य इमारतींच्या मागे असतो. ही दुपार होती.

खोलीत क्षणभर सगळे कलाकाराकडे बघायला लागले. त्याला आठवेना. मग माझ्या डोक्यात तारीख पेटली. 31 जानेवारी 2018 ला खग्रास चंद्रग्रहण होतं, मुंबईत चंद्र उगवला तोच ग्रहण लागलेला. मी विचारलं, तू ग्रहण काढायला गेला होतास का? तो टाळी वाजवून म्हणाला, हो! ग्रहणाच्या वेळा नेटवर ग्रीनिचच्या वेळेत दिलेल्या होत्या, घोळ नको म्हणून त्याने कॅमेऱ्याचं घड्याळच ग्रीनिचवर लावलं होतं. संध्याकाळपर्यंत वेळ होता म्हणून दुपारी खडकांवर कॅमेरा लावून बसला. नऊ अधिक साडेपाच तास, अडीच. अकराचे साडेचार. पुनवेची ओहोटी दुपारी अडीच ते साडेचार. नाखवांचं गणित तंतोतंत बसलं.

ते खूश झाले असतील असं मला वाटलं. ते फक्त म्हणाले, आता बरोबर लिही.

रात्री गॅलरीतच बसून मी कॉपी केली. मूळ फाइलींना हात लावायचा नाही, त्या जशा आहेत तशा द्यायच्या, चुकीच्या वेळेसकट. शेजारी दुसरी प्रत, जिच्यावर कोपऱ्यात भारतीय वेळ सतत दिसत राहील. सोबत कलाकाराचं निवेदन, की कॅमेऱ्याचं घड्याळ साडेपाच तास मागे का होतं. त्यांच्या वकिलांनी फोनवर सांगितलं की तेव्हाच्या पुरावा कायद्याच्या कलम 65-ब खाली, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं, प्रमाणपत्र लागेल, कॅमेऱ्यासाठी कलाकाराची सही, कॉपी केलेल्या कॉम्प्युटरसाठी माझी. गॅलरीतल्या व्हिडिओसाठी मी आजवर कधी असल्या कागदावर सही केली नव्हती. नाव, पत्ता, लॅपटॉपचा सिरियल नंबर.

त्या डिसेंबरात सरकारने एक खांब गाळून अंतर 120 मीटर करायचं मान्य केलं. त्याचा या क्लिपशी काही संबंध नाही, ते कोळ्यांनी काम अडवून, मोर्चे काढून मिळवलं, आणि मागितलं होतं त्याहून कमीच मिळवलं. पेन ड्राइव्ह घेऊन मावशी भरपाईच्या फाइलीमागे अजून फिरतायत. म्हातारीचं नाव यादीत घालायला आणखी दोन कागद हवे होते म्हणे.

काम पुढे दुसऱ्या शहरातही लागलं. प्रोजेक्टर मीच लावले. पाणी तिथेही उलटंच चढतं, माणसं तिथेही नाहीत. लेबलवर एक ओळ वाढली आहे. मराठीत ती मी टाइप करून दिली: 'वरळीतली 31 जानेवारी 2018 ची ओहोटी, उलटी चालवलेली.' शेजारच्या इंग्रजी लेबलवर हेच तीन ओळींत आहे, आणि 'उलटी' हा शब्द शोधावा लागतो.