लघवी वाढली आणि मला घाम फुटला

आमचं हॉस्पिटल छोटं, आयसीयू म्हणजे मोजून चार बेड आणि त्या रात्री फिजिशियन म्हणून मी एकटीच. सत्तरीच्या एका आजींना आणलं, दोन दिवस असंबद्ध बडबडत होत्या, मुलगा म्हणाला मॅडम पॅरालिसिसच असणार, आणि तेवढ्यात कॅज्युअल्टीतच त्यांना फिट आली. शुगर नॉर्मल. औषधांची पिशवी उलटी केली (मी फाइलच्या आधी पिशवी बघते) तर बीपीची नवीन गोळी, क्लोरथॅलिडोन, पंधरा दिवसांपूर्वी सुरू झालेली. या गोळीने रक्तातलं सोडियम घसरू शकतं, म्हटलं तेच असणार. रिपोर्ट आला १०७. नॉर्मल असतं १३५ ते १४५.

३ टक्के सलाइन (म्हणजे जास्त मिठाचं) १०० एमएल दहा मिनिटांत दिलं, मग अजून एकदा, सोडियम १११ झालं आणि फिट थांबली. आता मुलगा मागे लागला, कमी आहे ना, मग भरून टाका ना रात्रीत! त्याला बसवून सांगितलं की अहो मेंदूच्या पेशींनी त्या कमी सोडियमशी जुळवून घेतलेलं असतं, एकदम वाढवलं तर मेंदूतल्या नसांवरचं आवरण खराब होतं, आणि ते लगेच कळत पण नाही, काही दिवसांनी पेशंटचं बोलणं गिळणं सगळं जातं. म्हणून २४ तासांत ८ पेक्षा जास्त वाढू द्यायचं नाही, म्हणजे ११५ ला थांबायचं.

रात्री दोनला सिस्टर खुश होऊन सांगत आल्या, मॅडम युरिन मस्त येतंय, तासाला ३०० च्या वर. एरवी मीही खुश झाले असते. पण गोळी बंद झाल्यावर किडनी साठलेलं पाणी असं भसाभस सोडायला लागली की सोडियम आपोआप सुसाट वर जातं, आपण काही न देता. लगेच रिपीट पाठवलं, ११४! अजून अर्धी रात्र बाकी. डेस्मोप्रेसिन, म्हणजे लघवीतून जाणारं पाणी रोखणारं औषध, बाहेरून मागवलं, ते येईपर्यंत ५ टक्के डेक्स्ट्रोज (मीठ नसलेलं साखरेचं पाणी) चालू केलं. पेशंट सुधारतोय आणि आपणच ब्रेक मारतोय, सिस्टरचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. दर दोन तासांनी सॅम्पल, लॅबवाला वैतागला पण एकदाही नाही म्हणाला नाही.

सकाळी ११५. मग दिवसाला पाच-सहा असं वाढवत १३० पर्यंत नेलं. डिस्चार्ज कार्डवर लाल पेनने लिहिलं, थायझाइड गटातली (म्हणजे या क्लोरथॅलिडोनसारखी) गोळी पुन्हा द्यायची नाही, आणि मुलाकडून ते दोनदा वाचून घेतलं.