प्लेटलेट्स सहा लाख ऐंशी हजार

आमच्या पॅथॉलॉजीत पोटातलं पाणी तपासणीला आलं की आधी बाटली बघायची. कशात पाठवलंय, किती वेळ टेबलावर पडून होतं, तळाशी काय जमलंय. त्या दिवशीचं पाणी फिकट पिवळं, गढूळ, आणि गोठू न देणारं हेपरिन न घालताच पाठवलेलं, त्यामुळे आत जेलीसारखी गुठळी. वॉर्डात कितीही वेळा सांगा, हे होतंच. पण गुठळीत पेशी अडकून बसतात, म्हणून ती फेकायची नसते. फॉर्मलिनमध्ये घालून तिचाच सेल ब्लॉक करायचा, म्हणजे मेणात बसवून पातळ काप काढता येतील असा ठोकळा. या वेळी वॉर्डाचा निष्काळजीपणा आमच्या पथ्यावर पडला. ब्लॉक छान भरगच्च झाला.

फॉर्मवर लिहिलं होतं: स्त्री, वय ५८, पोट फुगणे, सीए-१२५ वाढलेले. सीए-१२५ ही अंडाशयाच्या कर्करोगात वाढणारी रक्तातली खूण, पण यातल्या शेवटच्या दोन शब्दांवर मी फारशी विसंबत नाही. पोटाच्या आतलं अस्तर कशानेही चिडलं, क्षयाने, एंडोमेट्रिओसिसने, तरी सीए-१२५ वाढतं. सूक्ष्मदर्शकाखालीही तोच घोटाळा. दाहामुळे चिडलेल्या अस्तराच्या पेशी मोठ्या होतात, त्यांची केंद्रकं ठळक दिसतात, त्या घोळक्याने राहतात आणि हुबेहूब कर्करोगाचं सोंग घेतात. म्हणून मी आधी दोन पेशींमध्ये ती बारीक फट, ‘खिडकी’, शोधते. ती अस्तराच्या पेशींची ओळख. इथे खिडक्या असलेल्या पेशी होत्याच, पण त्यांच्या मधोमध वेगळंच काही होतं: घट्ट गोळे, कडा गुळगुळीत, आतली केंद्रकं एकमेकांवर चढलेली, एकाचा आकार दुसऱ्याशी जुळेना. असे गोळे दिसले की मान आपोआप ताठ होते.

पुढे ब्लॉकवरच्या विशेष रंगांनी तेच सांगितलं. गोळ्यांमध्ये पॅक्स-८ (अंडाशयाकडच्या कर्करोगाची खूण) गडद तपकिरी, कॅलरेटिनिन (अस्तराची खूण) फक्त आजूबाजूच्या अस्तरात, पी-५३ (बिघडलं की पेशीत साचणारं प्रथिन) गोळ्यांत सगळीकडे ठासून. डब्ल्यूटी-१ हा रंग इथे निकाल लावत नाही, कारण तो गोळ्यांत आणि अस्तरात, दोन्हीकडे उमटतो. तरीही तो मागवण्याची अनेकांना हौस असते. निदान हाय ग्रेड सिरस कार्सिनोमा. अंडाशयाचा कर्करोग म्हणतात, पण बहुतेकदा हा निघतो बीजनलिकेच्या टोकाच्या झालरीतून.

पण मी लिहायला बसले ते निदानासाठी नाही. ब्लॉक मशीनमध्ये असताना मी त्या बाईंच्या नोंदणी क्रमांकावर जुने रिपोर्ट उघडले. हिमोग्लोबिन ९.२. तांबड्या पेशींचा आकार जवळपास नॉर्मल. प्लेटलेट्स ६,८०,०००, काही महिन्यांपूर्वी ५,४०,०००. ईएसआर, म्हणजे दाहाचा अंदाज देणारी चाचणी, शंभरच्या पुढे. फेरिटिन, म्हणजे लोहाच्या साठ्याचं माप, ४६०. आणि उपचार? लोहाच्या गोळ्या.

लोहाची कमतरता असती तर फेरिटिन तळाला गेलं असतं, पेशी लहान झाल्या असत्या. इथे लोह भरपूर होतं, फक्त कोठारात कुलूपबंद. त्या कुलपाची किल्ली बऱ्याचदा इंटरल्युकिन-६ या दाहाचा निरोप देणाऱ्या रेणूकडे असते. गाठीतल्या पेशी आणि त्यांच्याभोवती जमलेल्या पांढऱ्या पेशी हा रेणू सोडतात. तो यकृतात पोचला की यकृत हेप्सिडिन हे संप्रेरक वाढवतं, आणि हेप्सिडिन लोह बाहेर पडण्याची वाट बंद करतं. गोळ्या घेऊनही हिमोग्लोबिन हलत नाही. त्याच यकृताला तो थ्रॉम्बोपोएटिन हे प्लेटलेट्स वाढवणारं संप्रेरक जास्त करायला लावतो, म्हणजे प्लेटलेट्स वाढतात. त्याच्याचमुळे यकृत फायब्रिनोजेन हे रक्त गोठवणारं प्रथिनही जास्त करतं, आणि ते वाढलं की ईएसआर चढतो. एकाच रेणूची ही सगळी पावलं, आमच्या संगणकात मात्र वेगवेगळ्या पानांवर. प्लेटलेट्सखाली शेरा: ‘रिॲक्टिव्ह, क्लिनिकल कोरिलेशन करावे.’ फेरिटिनखाली काहीच नाही, नुसता ठळक आकडा. कोरिलेशन, म्हणजे रिपोर्टची लक्षणांशी सांगड, घालायची कुणी? ज्याच्यासमोर ओळीने पन्नास पेशंट बसलेत त्याने?

संध्याकाळी हे मी रक्तविभागातल्या सरांना दाखवलं. त्यांचं म्हणणं सरळ होतं: प्लेटलेट्स वाढण्याची शंभर कारणं असतात, साधा जंतुसंसर्ग झाला तरी वाढतात. मी २०१२ चा अभ्यास काढला. अंडाशयाच्या कर्करोगाच्या ६१९ रुग्णांपैकी ३१ टक्क्यांच्या प्लेटलेट्स निदानाच्या वेळीच साडेचार लाखांवर होत्या, आणि त्या बायका तुलनेने कमी जगल्या. सर हसले. ‘म्हणजे ६९ टक्क्यांच्या नव्हत्या.’ बरोबर होतं त्यांचं. मग त्यांनीच दुसरा आकडा पुढे केला, इंग्लंडमधला, २०१७ चा: चाळिशीपुढच्या, प्लेटलेट्स वाढलेल्या बायकांपैकी वर्षभरात ६.२ टक्क्यांना कुठला ना कुठला कर्करोग निघाला, आणि त्यातही फुप्फुसाचे आणि आतड्याचे जास्त. ‘पोटाची सोनोग्राफी कुणाकुणाला लिहिणार?’

आमची रेसिडेंट मध्येच म्हणाली, ‘मॅडम, मग इंटरल्युकिन-६ लाच अडवलं तर?’ अडवून पाहिलंय. सिल्टक्सिमॅब ही त्याच्याविरुद्धची प्रतिपिंडं. प्लॅटिनमच्या केमोथेरपीला दाद न देणाऱ्या अंडाशयाच्या कर्करोगाच्या १८ रुग्णांना दिली, एकीची गाठ लहान झाली, काहींची काही काळ जागेवर थांबली. प्लेटलेट्स मात्र या औषधाने खाली येतात. म्हणजे दुवा खरा आहे, पण हा रेणू एकटा नाही. टीएनएफ, इंटरल्युकिन-८ अशा दाहाच्या रेणूंची टोळीच कामाला असते, आणि एकाला धरलं तरी बाकीचे मोकळेच.

सरांना मी एवढंच म्हटलं की मला प्रत्येक वाढलेल्या प्लेटलेटमागे सोनोग्राफी नकोय. पन्नाशीपुढची बाई, प्लेटलेट्स चढत्या, फेरिटिनही चढलेलं आणि गोळ्यांनी न हलणारं हिमोग्लोबिन, हे एकत्र दिसलं की संगणकाने ते एका पानावर आणावं आणि खाली ‘पोट फुगल्याची तक्रार आहे का, विचारावे’ एवढी ओळ यावी. ते म्हणाले, अशा ओळी पंधरा दिवसांत कुणी वाचेनासं होतं. मला अजून ते पटलेलं नाही. पुढच्या बैठकीत ही ओळ मी मांडणार आहे आणि सर विरोध करणार आहेत.