खुराड्याचा रंग, अपडेट ५: काळ्या फळ्यांचं कोडं सुटलं!

कोंबड्यांच्या खुराड्याला नवा रंग दिला आणि वरच्या चार फळ्या काळ्या पडल्या, दोन आठवडे डोक्याला भुंगा लावला होता त्यांनी. बुरशी नव्हती ती. आणि मी येड्यासारखा धुण्याच्या सोड्याने घासत बसलो होतो.

खुराड्याला आधी मारलेल्या ऑइलपेंटचं रडगाणं मागच्या अपडेटमध्ये गाऊन झालंय, परत नको. एकच सांगतो, पापुद्रे सगळे फळ्यांच्या खालच्या टोकांपासूनच सुटले होते, म्हणजे पाणी कापलेल्या टोकातून वर चढलं आणि वरून रंगाने कोंडून धरलं. चिपळूणचा पाऊस, त्यात आत विष्ठेची वाफ, कुठला रंग टिकणार. आणि आमच्या कोंबड्या ते पापुद्रे शेंगदाणे टिपल्यासारखे टिपायच्या. रंगाचा डबा माळ्यावरचा, लेबल गेलेला. घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९०) वर नको हा नियम आला २०१६ साली, डबा त्याच्या आधीचा असेल तर काय भरवसा, आणि शिसं अंड्यात उतरतं. म्हणून सगळा रंग पॉलिशपेपर ओला करून काढला, धूळ उडू न देता, खाली ताडपत्री टाकून. तीन दिवस गेले आणि खांदे गेले. कोंबड्या तोवर आंब्याखाली जाळीत, शिव्या घालत.

मग ठरल्याप्रमाणे पिठाचा रंग. स्वीडनमधली ती लाल लाकडी घरं ज्याने रंगवतात तोच, फक्त आपल्या घरच्या सामानात. एक लिटर पाण्याला ८० ग्रॅम गव्हाच्या पिठाची खळ, त्यात ३० ग्रॅम हिराकस, ३०० ग्रॅम गेरू, शेवटी सव्वाशे मिली जवसाचं तेल, मंद आचेवर ढवळत राहायचं. बेलतेल (रंगाच्या दुकानातलं उकळलेलं जवसाचं तेल) मुद्दाम टाळलं, त्यात लवकर वाळायला ड्रायर घातलेले असतात, म्हणून घाण्याचं कच्चं तेल घेतलं. वाळायला वेळ लागतो, लागू दे. (तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका रे, आपोआप तापून पेट घेतात, पसरून वाळवा.) हिराकस कृषी सेवा केंद्रात फेरस सल्फेट म्हणून मिळतं, पूजेच्या दुकानापेक्षा बरंच स्वस्त. फिकट हिरवं बघून घ्या, तांबूस झालं असेल तर जुनं. निळं दिलं तर ते मोरचूद, ते नको म्हणजे नको. गेरूचं पण तसंच, मला पहिल्यांदा जो मिळाला तो पाण्यात टाकल्यावर पाणीच गुलाबी करून बसला, खरा गेरू तळाला बसतो आणि वर पाणी नितळ राहतं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पहिला हात दिला. फणसाच्या फळ्या अशा सुंदर आल्या की काय सांगू, मॅट, नवीन कौलासारख्या, मी चहा घेऊन अर्धा तास नुसता बघत होतो. वरच्या चार फळ्या, पडवीच्या जुन्या वाशांतून काढलेल्या, मात्र सकाळी काळ्या. डागडाग, जणू कुणी शाई ओतली. दुसरा हात दिला, परत काळ्या. ऊन दिलं, सोडा झाला, एका फळीला व्हिनेगर पण लावून बघितलं, ते तर अजूनच गडद. पेंटर म्हणाला "लाकूड ओलं असेल", हार्डवेअरवाला म्हणाला प्रायमर मारा (तो कशालाही प्रायमरच सांगतो).

तर परवा हिराकसाचं उरलेलं पाणी फेकताना चार थेंब रंध्याच्या किसावर पडले. तोच किस, त्या चार फळ्यांचा. मिनिटभरात काळा ठिक्कर. शेजारी फणसाचा किस होता, त्यावर मुद्दाम टाकलं, तो नुसता शेवाळी झाला. आईला हाक मारून दाखवलं तर ती म्हणे, "अरे, पडवीचे वासे ऐनाचे होते ना? हिरडा आणि हिराकस घालून आजोबा शाई करायचे, तसंच झालंय हे."

आणि ऐन म्हणजे हिरड्याचा सख्खा भाऊच की, दोन्हींचं शास्त्रीय नाव टर्मिनेलियानेच सुरू होतं! टॅनिन (तुरट द्रव्य) ठासून भरलेलं, लोखंडाचं मीठ लागलं की शाई. मी दोन आठवडे शाई धुवायचा प्रयत्न करत होतो. ज्यांच्या खुराड्यात ऐन किंवा किंजळ आहे (किंजळ पण त्याच घरातला) त्यांनी आधी किसावर थेंब टाकून बघा. गेरू पण लोखंडच, पण तो विरघळत नाही म्हणून काही करत नाही, भानगड फक्त हिराकसाची.

आता त्या फळ्यांपुरता हिराकस न घालता रंग शिजवणार होतो. पण हे लिहिता लिहिताच वाटतंय, कशाला? काळा लागलाय तो लाकडाच्या आत लागलाय, पापुद्रा सुटायचा प्रश्नच नाही. वरच्या चारही फळ्यांचा लाल घासून काढतो, नुसतं हिराकसाचं पाणी पुसतो आणि वाळल्यावर तेलाचा एक हात. खाली लाल, वर काळी पट्टी. आवडलं मला हे.

बाकी थोडक्यात: आतून चुनाच, फटीफटीत भरून, गोचीड दिवसा तिथेच दडतात. बसायच्या दांड्यांना काहीच नाही. लाखेचा हात द्या म्हणणाऱ्याला उत्तर, लाख ओलीने पांढरी पडते आणि अमोनियात विरघळते, सावंतवाडीची खेळणी कपाटात शोभतात, खुराड्यात नाही. कापलेल्या टोकांना तेल तीनदा, पिईल तितकं.

दार अजून राहिलंय. ते कुठल्या लाकडाचं आहे ते आईलाही आठवत नाही, किस काढून वाटीत ठेवलाय.